पोटात जागा ठेवून चाला : वाचकांची पत्रं आणि आमची उत्तरं

थंडी पडली की या सदराला येणारी पत्रं बदलतात. एरवी लोणच्याला बुरशी का आली, अनारसे का हसले असले प्रश्न असतात, पण जानेवारी आला की निम्मी पत्रं मुंबईच्या काळा घोडा फेस्टिवलची, कुठल्या फूड वॉकला जाऊ, काय खाऊ, किती खाऊ, सोबत आईला नेऊ का. म्हणून या वेळी सगळी पत्रं चालत चालत खाण्याबद्दलचीच घेतली आहेत. काही उत्तरं लांबलीत, काही दोन ओळींत आटपलीत, जिथे सांगण्यासारखं जास्त होतं तिथे हात आखडला नाही.

ताई, आम्ही चौघी मैत्रिणी नाशिकच्या, सेकंड इयरला आहोत. मागच्या वर्षी रविवारी काळा घोडा फेस्टिवलला आलो होतो. दोन तास स्टॉलच्या रांगांमध्ये गेले, चौघींनी चार रोल आणि मोमोज खाल्ले जे आमच्या कॉलेज रोडला पण मिळतात, पोट फुल झालं, पैसे संपले, आणि मुंबईचं असं काहीच खाल्लं नाही. या वर्षी पंचवटी एक्सप्रेसने येऊन त्याच गाडीने परत जायचंय. नीट प्लॅन सांगाल का? – नाशिक

सांगते, आणि सगळ्यात आधी सांगते की रविवार सोडा. फेस्टिवल भरतो तो फोर्ट हा ऑफिसांचा भाग आहे, तिथली बरीचशी खाण्याची ठिकाणं ऑफिसच्या माणसांच्या पोटावर चालतात, त्यामुळे रविवारी त्यातली कितीतरी बंद असतात आणि नेमकी त्याच दिवशी फेस्टिवलला सगळ्यात जास्त गर्दी असते, मग सगळेच्या सगळे स्टॉलवर तुटून पडतात, दुसरं काय करणार. तुम्ही बुधवार गुरुवार बघा, एक लेक्चर बुडेल पण ते ठीक आहे.

आता स्टॉलबद्दल. स्टॉलवाल्यांचं काही चुकत नाही, नऊ दिवसांसाठी मांडलेल्या टेबलावर जे पटकन करता येतं आणि हातात धरून खाता येतं तेच ते विकणार. पण हा फेस्टिवल १९९९ पासून जिथे भरतो त्याच्या आजूबाजूला पंधरा-वीस मिनिटांच्या चालीत अशी दुकानं आहेत जी ऐंशी-शंभर वर्षं एकच पदार्थ करतायत. माझं म्हणणं एवढंच की फेस्टिवल हे निमित्त धरा, चित्रं बघा, नाच बघा, आणि खायला मात्र गेटच्या बाहेर पडा.

तुमची गाडी सीएसएमटीला येते हे फारच छान आहे. स्टेशनच्या समोरच, पेरिन नरिमन स्ट्रीटच्या तोंडाशी पंचम पुरीवाला आहे, एका प्लेटमध्ये पाच पुऱ्या आणि बटाट्याची भाजी. चौघींमध्ये एकच प्लेट घ्या. हो, एकच. मला माहितीय की सकाळी लवकर निघालेल्या असणार आणि भूक लागलेली असणार, पण इथे पोट भरलंत तर पुढचा सगळा दिवस फुकट. एकेक पुरी, जी उरेल ती जिला सगळ्यात जास्त भूक लागलीय तिला. मग समोरच कॅपिटल सिनेमाच्या इमारतीत आराम, १९३९ पासूनचं, त्यांचा वडापाव घ्या, तो दोघींत एक. वडापाव मुंबईचाच हे सगळ्यांना माहीत असतं पण फार जुना नाही बरं का, दादर स्टेशनबाहेर अशोक वैद्यांनी १९६६ मध्ये गाडी लावली तिथून तो सुरू झाला असं सांगतात. आणि त्यातला पाव हा शब्द पोर्तुगीज, गोव्यात अजून पोदेर सायकलवरून भोंपू वाजवत पाव घेऊन येतो. म्हणजे आतला वडा आपला, पाव गोव्याच्या वाटेने आलेला, असं सगळं हातात धरून तुम्ही उभ्या असता.

इथून बॅलार्ड इस्टेटला चालत जा, दहा-पंधरा मिनिटं. ही चाल चुकवू नका, टॅक्सी करू नका. गेटवे ऑफ इंडियाचा आराखडा ज्याने केला त्याच जॉर्ज विटेटने आखलेला हा भाग आहे, रस्ते रुंद, झाडं आहेत, आणि मघाशी खाल्लेलं जिरायला वेळ मिळतो. पोट भरलंय हे डोक्याला कळायला साधारण वीस मिनिटं लागतात, म्हणून दोन थांब्यांमधली चाल ही फूड वॉकची खरी गंमत आहे, ती फक्त जागा बदलण्यासाठी नसते. तिथे ब्रिटानिया अँड कंपनी, १९२३ चं. हे दुपारच्या जेवणालाच उघडं असतं हे लक्षात ठेवा, बरेच जण संध्याकाळी फेस्टिवल संपवून जातात आणि बंद दार बघून येतात. बेरी पुलाव मागवा, चिकनचा मटणचा असतो, व्हेज पण असतो. वरती ज्या छोट्या लाल आंबट बेऱ्या असतात त्या इराणच्या झरेश्क. या हॉटेलचे बोमन कोहिनूर २०१९ मध्ये सत्त्याण्णवाव्या वर्षी गेले, अगदी शेवटपर्यंत टेबलाटेबलावर जाऊन ऑर्डर घ्यायचे, त्यांच्या बायकोने ही पाककृती इराणहून आणली. पहिला घास नुसता भाताचा घ्या, दुसरा बेरीसकट, म्हणजे तो आंबटपणा काय करतो ते कळेल. प्लेट मोठी असते, चौघींत दोन पुरतात, सोबत पालनजीचा रासबेरी सोडा एक, ही कंपनी १८६५ ची आहे. कॅरॅमल कस्टर्ड एक आणि चार चमचे.

मग काळा घोडा. दोनच्या सुमारास पोचाल, तेव्हा गर्दी कमी असते आणि चित्रं, मांडण्या नीट बघता येतात. तिथे खाऊ नका, पाणी प्या, फिरा. तो घोडा बघाल ना, तो २०१७ चा आहे, त्यावर स्वार नाही. मूळचा काळा घोडा म्हणजे इंग्रज राजा सातव्या एडवर्डचा घोड्यावरचा पुतळा, तो १९६५ मध्ये हलवला आणि आता राणीच्या बागेत आहे, पण नाव काही हललं नाही. जहांगीर आर्ट गॅलरीत गेलात तर मागच्या बाजूला कधीकाळी सामोवार नावाचं चिंचोळं कॅफे होतं, मार्च २०१५ च्या शेवटच्या दिवशी बंद झालं. मी कॉलेजात असताना तिथला खिमा पराठा आणि पुदिन्याचा चहा यावर कित्येक दुपारी काढल्यात. आता तिथे उभं राहिलं की मला अजून पुदिन्याचा वास येतो, तुम्हाला येणार नाही, पण तुमच्या वयात जी ठिकाणं उघडी आहेत तिथे जाऊन घ्या एवढं मात्र सांगावंसं वाटतं.

परतताना साडेचार पाचला फोर्टातल्या एखाद्या जुन्या इराणी बेकरीत ब्रून मस्का आणि चहा. कावसजी पटेल स्ट्रीटवर याझदानी आहे, उघडी आहे ना ते आधी विचारून घ्या. ब्रून म्हणजे कडक सालीचा पाव, बन मस्क्यातला बन मऊ आणि गोडसर, दोन्हीत गल्लत करू नका. ब्रून चहात बुडवून खायचा, नाहीतर टाळू सोलवटून निघते. तिथून सीएसएमटी जवळ आहे, गाडी चुकणार नाही. दिवसभरात पाच थांबे झाले आणि कुठेही पोटाला तड लागली नाही, बघा जमतंय का.

मी ६४ वर्षांचा, डोंबिवली. शुगर आहे, गुडघाही कुरकुरतो. मुलगी म्हणते बाबा चला फूड ट्रेलला. माझं तिथे काय काम? – डोंबिवली

काका, काम आहे आणि तुम्ही जा. चाखायला घासभर पुरतं. शुगरवाल्या माणसाला बुफेपेक्षा ट्रेल बराच बरा, कारण एका प्लेटमध्ये चार माणसं असतात आणि खाल्ल्यावर लगेच चालणं होतं, जेवणानंतर चाललं की साखर कमी चढते हे तुमच्या डॉक्टरांनीही सांगितलं असेलच.

फक्त फोर्ट नको, तुमच्यासाठी दादर. डोंबिवलीहून थेट लोकल, उतरलात की पश्चिमेला मामा काणे, १९१० पासूनचे, तिथे एक बटाटेवडा सगळ्यांत. मग रमतगमत गोखले रोडने प्रकाश शाकाहारी, तिथे साबुदाणा वडा आणि पियूष. इथे सांभाळा, साबुदाणा म्हणजे निव्वळ पिठूळ, एक घास, आणि पियूष एक चमचा, बाकीचं मुलीला देऊन टाका. मग सेनाभवनासमोर आस्वाद, १९८६ चं, त्यांच्या मिसळीला २०१५ मध्ये लंडनला जगातल्या सर्वोत्तम शाकाहारी पदार्थाचं बक्षीस मिळालं होतं. मिसळीत मटकी असते म्हणून हा थांबा तुमच्यासाठी त्यातल्या त्यात बरा, पाव अर्धाच घ्या, फरसाण कमी सांगा, ते ऐकतात. आणि मग शिवाजी पार्कचा कट्टा. त्या कट्ट्यावर अर्धा तास बसणं हाही ट्रेलचाच भाग धरा, गुडघ्याला आराम मिळतो आणि मुलीशी बोलणं होतं.

एक महत्त्वाचं, इन्शुलिन किंवा साखर उतरवणारी गोळी चालू असेल तर "ट्रेलला खायचंय" म्हणून सकाळचा नाश्ता किंवा जेवण बुडवू नका, गोळी घेतली आणि खायला उशीर झाला तर साखर एकदम उतरते. गोळीची वेळ डॉक्टरांना विचारून ठरवा आणि खिशात चार साखरेच्या गोळ्या किंवा ग्लुकोज ठेवा.

ऑफिसातले सगळे रमझानमध्ये मोहम्मद अली रोडला जाणार आहेत. मी पूर्ण शाकाहारी आहे, अंडंसुद्धा नाही. जाऊ का? आणि आपण तिथे गेलेलं चालतं का? – ठाणे

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं आधी. चालतं, आणि लोक प्रेमाने खाऊ घालतात, पण एक भान ठेवायचं. तिथली माणसं पहाटेपासून पाण्याचा थेंब न घेता असतात, म्हणून सूर्यास्ताच्या आधी तिथे जाऊन त्यांच्यासमोर खात उभं राहायचं नाही. मगरीबची अजान झाली की आधी त्यांना रोजा सोडू द्या, खजूर, पाणी, फळं, मग नमाज होते, तोवर तुम्ही सीएसएमटीच्या बाजूनेच सावकाश चालत या. आठ साडेआठनंतर मिनारा मशिदीच्या गल्लीत जी रोषणाई आणि जो धूर आणि जी गर्दी असते ती बघायलाच जायचं. गर्दी नको असेल तर सुरुवातीच्या दिवसांत जा, ईद जवळ आली की खरेदीचे लोकही येतात आणि पाय ठेवायला जागा राहत नाही.

आता खायचं काय. शाकाहारी माणसं हमखास मालपुव्यावर जातात कारण ते गोड आहे म्हणून शाकाहारी असणार असं वाटतं. तिथल्या मालपुव्यात अंडं असतं, भरपूर असतं, त्यानेच तो तसा फुगतो. तो तुमच्यासाठी नाही. अफलातून वगैरे मिठाईसुद्धा अंड्याचं विचारूनच घ्या, लाजू नका, सुलेमान उस्मान मिठाईवाला १९३६ पासून हेच काम करतायत, त्यांना रोज शंभर जण विचारतात. तुमच्यासाठी फिरनी, दूध आणि तांदळाची, मातीच्या वाटीत थंडगार लावलेली. फिरनीत मातीचा वास उतरलेला असतो, तो प्लास्टिकच्या डब्यात मिळत नाही, म्हणून पार्सल नको, तिथेच उभ्याने खा. आणि मग बोहरी मोहल्ल्यात ताज आइस्क्रीम, १८८७ पासूनचं, संचात हाताने फिरवून करतात, फळांचं असतं. सोबतचे लोक रात्रभर मंद आचेवर शिजलेली नल्ली निहारी खात असतील तेव्हा तुम्ही त्यांच्या शेजारी बसून त्यांना कसं लागतंय ते विचारा, ट्रेलला प्रत्येकाने प्रत्येक थांब्यावर खाल्लंच पाहिजे असं कोणी सांगितलंय. भांडी चमचे वेगळे हवे असतील तर तसं ठिकाण तुम्हाला इथे मिळणार नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा, त्यात मी काही सांगणार नाही.

आमच्या सोसायटीच्या (पुणे, कोथरूड) २२ जणांना पेठांमधून फूड वॉक करायचाय. मी सेक्रेटरी म्हणून सगळं माझ्यावर आलंय. बावीस जणांचं कसं करू? – पुणे

बावीस नाही करायचे. अकरा अकराचे दोन गट, एक शनिवारी एक पुढच्या शनिवारी, किंवा एकाच दिवशी उलट्या बाजूंनी चालणारे. का ते सांगते, माझ्यावर आलेलं आहे म्हणून सांगते.

काही वर्षांपूर्वी मी चौदा जणांना घेऊन एका जुन्या खानावळीत गेले, नाव नको, दुपारी एक वाजता. आम्ही तीन टेबलं अडवली, दोन प्लेट मागवल्या, चाखायचं होतं ना, आणि मी उभं राहून पंधरा मिनिटं त्या पदार्थाची माहिती सांगत होते. मागे ऑफिसची माणसं ताटकळत उभी होती, त्यांना अर्ध्या तासात जेवून परत जायचं होतं. त्यातला एक जण घड्याळ बघून न जेवता निघून गेला, तेव्हा वाढणारे काका माझ्याजवळ आले आणि एवढंच म्हणाले, "बाई, तो रोजचा आहे." मला आजही ते आठवलं की वाईट वाटतं. ती चूक पूर्णपणे माझी होती. त्या दिवसापासून माझे नियम बदलले आणि तेच तुम्हाला देते.

गर्दीची वेळ टाळायची. मिसळ खायची असेल तर सकाळी लवकर, किंवा पहिली गर्दी ओसरल्यावर. आधी एकटीने किंवा एकट्याने जाऊन मालकाला भेटायचं, किती जण, किती वाजता, काय घेणार ते सांगायचं, नाही म्हणाले तर नाही. गोष्टी रस्त्यावर चालताना सांगायच्या, टेबलावर फक्त खायचं. दोन माणसांत किमान एक प्लेट घ्यायची, चौघांत एक हे चौघांनी आलं तर ठीक असतं पण अकरा जणांनी तीन प्लेटवर तीन टेबलं अडवणं बरोबर नाही. पैसे आधीच वर्गणीसारखे गोळा करून एकानेच द्यायचे, नाहीतर गल्ल्यावर अकरा जण अकरा मोबाइल काढून स्कॅन करत बसतात. फोटो काढायचा तर भट्टीवरच्या माणसाला विचारून, त्याच्या तोंडावर कॅमेरा नको.

रस्ता म्हणाल तर तुम्ही पुणेकर, तुम्हाला मी काय सांगणार, पण सकाळी नारायण पेठेत बेडेकरांची मिसळ ब्रेडबरोबर, मग लक्ष्मी रोड, तुळशीबागेतून चालणं, तिथे काही खायचं नाही नुसतं बघायचं आणि वास घ्यायचे, आणि शेवटी सदाशिव पेठेत सुजाताची मस्तानी, इतकं अंतर अकरा जणांना छान होतं. मिसळीचा तिखटपणा जात नसेल तर पाणी पिऊन उपयोग नाही, मिरचीतलं जे झोंबतं ते पाण्यात विरघळत नाही, दूध दह्याने जातं. म्हणून मस्तानी शेवटी ठेवलीय. आधी सौम्य, मग तिखट, मग गोड, हा क्रम उलटा केलात की गोडानंतर सगळंच फिकं लागतं.

कॅम्पातली कयानी बेकरी १९५५ ची, श्रूसबेरी बिस्किटांसाठी सगळे सांगतील, पण ती या वॉकमध्ये कोंबू नका, पेठांपासून लांब आहे आणि रिक्षात बसलात की वॉक संपला.

गाइडेड फूड वॉकचे पैसे बघून डोळे पांढरे झाले. त्याच गल्लीत मी स्वतः गेलो तर चौथ्या हिश्शात होईल. मग हे लोक कशाचे पैसे घेतात? – कल्याण

तुमचा हिशोब बरोबर आहे, खाण्याचे पैसे त्यात थोडेच असतात. बाकीचे पैसे त्या माणसाच्या माहितीचे, आणि दुकानदारांशी त्याने वर्षानुवर्षं जोडलेल्या ओळखीचे. चांगला गाइड असेल तर भटारखान्यात डोकावता येतं, इराण्याकडे चहा कसा होतो ते दिसतं, दूध वेगळं आटवतात, काळा चहा वेगळा, आणि कपात एकत्र करतात, "पानी कम" सांगितलं की काय होतं ते कळतं. धोबी तलावाला कयानी अँड कंपनी आहे, १९०४ चं, तिथे तुम्ही एकटे जाऊन मावा केक खाऊ शकताच, पण इराणी माणसं यझ्द आणि केरमानहून का आली, त्यांना कोपऱ्यावरची दुकानं कशी मिळाली कारण बाकीचे व्यापारी कोपरा अशुभ मानायचे असं सांगतात, हे खाताना कोणी सांगितलं तर केकची चव बदलते असा माझा अनुभव आहे.

पैसे भरण्याआधी हे विचारा: किती जण असतील (दहाच्या वर असतील तर मी जात नाही), किती थांबे, पाणी त्यात आहे का, आणि प्रत्येक दुकानाला पूर्ण पैसे दिले जातात का. शेवटचा प्रश्न जरूर विचारा. "आम्ही त्यांची जाहिरात करतो म्हणून ते फुकट देतात" असं उत्तर आलं तर मी तरी तिथे पैसे भरणार नाही, छोट्या दुकानदाराच्या एका वड्यात काय सुटतं ते आपल्याला माहीत आहे. आणि परवडत नसेल तर काळा घोडा फेस्टिवलमध्येच वॉक असतात, जागा मोजक्या आणि नोंदणी आधी करावी लागते, वेळापत्रक जाहीर झालं की त्याच दिवशी नाव घाला.

इंदूरला मावशीकडे लग्नाला चाललोय. एक रात्र मोकळी आहे. सराफ्याला जायचं की छप्पन दुकानला? – सोलापूर

रात्र मोकळी आहे म्हणजे सराफा. छप्पन दुकान, म्हणजे खाण्याच्या दुकानांची रांग, दिवसाही असतं, स्वच्छ आहे, बसायला जागा आहे, मुलं सोबत असतील तर सोयीचं. पण सराफा म्हणजे दिवसभर सोन्याचांदीचा बाजार, आणि रात्री सराफांच्या दुकानांची शटरं खाली आली की त्याच ओट्यांसमोर खाण्याच्या गाड्या लागतात, मध्यरात्र उलटून जाईपर्यंत. नऊच्या आत जाऊ नका. भुट्टे का कीस घ्या, मक्याचा कीस दुधात शिजवलेला, आणि थंडी आहे तर गराडू, तो कंद तळून वर मसाला भुरभुरतात, उन्हाळ्यात मिळत नाही. जोशींचा दहीवडा, द्रोण हवेत उडवून झेलतात ते बघायलाही मजा येते. तिथली शिकंजी म्हणजे आपलं लिंबूसरबत नाही हं, दाट दुधाची असते, जवळजवळ जेवणच, ती शेवटी. होळकरांच्या गावात मराठी बोलणारं कोणी ना कोणी भेटतंच, मावशीलाही घेऊन जा, तिचं ठरलेलं दुकान असेल आणि तेच खरं. लग्नाच्या जेवणानंतर मात्र जाऊ नका, आदल्या रात्री जा.

फूड फेस्टिवलवरून आलं की हमखास पोट बिघडतं. काय टाळू? – वसई

पाणी, बर्फ, कापून ठेवलेली फळं आणि हिरवी चटणी. यात सगळं आलं. तुमच्यासमोर कढईतून निघालेलं, तव्यावरून उतरलेलं शक्यतो त्रास देत नाही, त्रास देतं ते करून ठेवलेलं आणि ज्यात कच्चं पाणी आहे ते. ज्या स्टॉलवर माल भराभर संपतोय तिथे उभं राहा, रांग लांब असली तरी, कारण तिथे काही शिळं राहायला वेळच नाही. स्टॉलवर एफएसएसएआयचा, म्हणजे अन्नसुरक्षेच्या सरकारी संस्थेचा, १४ आकडी नंबर लावलेला असायला हवा, तो दिसतोय का बघा, आणि पैसे घेणारा आणि खाणं वाढणारा हात एकच आहे का तेही बघा. स्वतःची पाण्याची बाटली. आणि वसईकर, एक शंका विचारू का, एका संध्याकाळी किती पदार्थ खाता? दहा-बारा असतील तर पोट स्टॉलमुळे बिघडत नाहीये.

ताई, मी गेल्या वर्षभरात चार ट्रेल केले, खूप खाल्लं, खूप आवडलं, पण आता आठवायला गेले तर सगळं एकमेकांत मिसळलंय. तुम्हाला कसं लक्षात राहतं? – रत्नागिरी

मलाही राहत नाही, मी लिहिते. फोटोंनी काम होत नाही, फोटोत सगळे वडे सारखेच दिसतात. छोटी वही ठेवा, खिशात मावेल अशी, आणि पुढच्या थांब्यावर पोचायच्या आधी, चालतानाच, दोन ओळी. "मस्त", "भारी" असले शब्द लिहायचे नाहीत कारण वर्षाने त्यातून काही कळत नाही. काय कुरकुरलं, काय आधी लागलं आणि काय मागून आलं, बाजूला कोण बसलं होतं, ऊन होतं का, कढईतलं तेल कुठल्या वासाचं होतं हे लिहायचं. आणि घरातलं कुठलं खाणं आठवलं ते तर जरूर लिहायचं, तुम्ही कोकणातल्या, तुमच्या जिभेला ओलं खोबरं आणि कोकमाची सवय, त्याच्याशी ताडून लिहिलंत तर ती चव तुमची होऊन राहते.

नमुना हवा असेल तर माझ्या वहीतली मागच्या फेब्रुवारीची नोंद देते, काळा घोडाहून ओव्हल मैदान ओलांडून चर्चगेटला गेलो होतो तेव्हाची:

"के. रुस्तम. ब्रेबॉर्न स्टेडियमसमोर. दोन बिस्किटांच्या मधे आइस्क्रीमची वडी, १९५३ पासून अशीच. मी आल्याचं घेतलं. बिस्किट चव नसलेलं, तेच बरं, फक्त धरायला. आधी थंड, मग गोड, आलं सगळ्यात शेवटी घशात. आईच्या आलेपाकासारखं पण गार. मैदानावर पोरं अजून खेळत होती, उजेड जवळजवळ गेला होता. वितळायच्या आत संपवायचं म्हणून सात जण रस्त्यावर उभे, कोणीच बोलत नव्हतं."